हवेचे मेस्त्री

आमच्या शेजारच्या गाळ्यात पापड लाटायचं काम चाले. तिथल्या बायका रोज सकाळी पीठ मळायला घेण्याआधी आमच्या दारात येऊन एकच प्रश्न विचारत, "मेस्त्री, आज किती?"

"पाव पेला," असं आतून उत्तर आलं, की बायका खुशीत ताडपत्री बाहेर पसरत. "अर्दा पेला," म्हटलं, की जरा कुजबुज होई आणि थोडेच पापड घालायचे ठरत. आणि ज्या दिवशी "पेला भरला गं बायांनो," असं ऐकू येई, त्या दिवशी पापडांना सुट्टी देऊन त्या मसाला कुटायला बसत.

पेला स्टीलचा होता, काठाला पोचा आलेला. आमच्या कॉम्प्रेसरच्या टाकीला बुडाशी एक छोटा कॉक होता. कोंडलेल्या हवेतलं पाणी रात्रभरात गार होऊन टाकीच्या तळाशी जमे. मेस्त्री सकाळी आले की चपला काढायच्या आत तो कॉक उघडत, पाणी पेल्यात धरत, उजेडाकडे नेऊन बघत, वास घेत आणि फाटकाबाहेरच्या धुळीवर फेकून देत. तोवर कुणी "नमस्कार" म्हटलं तरी ते उत्तर देत नसत. शेठलासुद्धा नाही. हवा दमट असली की पाणी जास्त निघतं, हे साधं शास्त्र. पण पापडवाल्या बायकांचा हवामानखात्यापेक्षा त्या पेल्यावर भरवसा होता आणि माझ्या आठवणीत तो पेला एकदाच चुकला. त्या दिवशी मेस्त्री स्वतः ताडपत्री ओढायला धावले होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसईच्या पूर्वेला, गोखिवऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा गाळा. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तिथं लागले होते. आम्ही एअर स्टार्टर दुरुस्त करत असू. मोटारीला बॅटरी असते, किल्ली फिरवली की ती सुरू होते. पण बोटीचं, खदानीतलं किंवा मोठ्या जनरेटरचं इंजिन बॅटरीला दाद देत नाही. त्याला दाबलेली हवा लागते. आधी टाकीत हवा कोंडायची आणि मग एका दमात ती स्टार्टरमध्ये सोडायची. स्टार्टरच्या पोटातला रोटर गरकन फिरतो, त्याच्या टोकाचं दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं आणि चार-पाच सेकंदांत इंजिन जागं होतं. त्या चार-पाच सेकंदांत शंभर कुकरच्या शिट्ट्या एकदम व्हाव्यात तसा आवाज होई. चाचणीच्या वेळी आम्ही सगळे कानांवर हात दाबून धरत असू. मेस्त्री तेवढे हात मागे बांधून उभे.

मला नोकरीला घेतलं तेही त्यांनीच. शेठने माझ्या मार्कांची कागदं चाळली आणि ती मेस्त्रींकडे सरकवली. मेस्त्रींनी ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि त्यांच्यावर एक गंजलेला स्टार्टर आणून आदळला.

"बाय, याच्यात पानी कुठं ऱ्हाईल?"

मी स्टार्टर उचलला. तो इंजिनावर कसा बसत असेल, याचा अंदाज घेत तिरका धरला आणि खालच्या झाकणाचा एक कोपरा दाखवला. मेस्त्रींनी झाकण खोललं. त्याच कोपऱ्यात तांबडा चिखल होता.

"घ्या हिला," ते शेठला म्हणाले आणि निघून गेले.

ते खाडीकाठच्या एका गावचे. घरची भातशेती, वडिलांच्या वेळेपर्यंत मिठागरात मजुरी. शाळा सातवीपर्यंत. अंगाने काटकुळे, कायम खाकी हाफपँट आणि वर पांढराशुभ्र सदरा. ग्रीसच्या कामात पांढरा सदरा कशाला, असं मी एकदा विचारलं. "डाग दिसला म्हंजे समजतं, कुटं चुकलं," म्हणाले. संध्याकाळी सदरा सकाळसारखाच असे. चहा कितीही कडकडीत असला तरी त्यावर ते फुंकर मारत नसत. बशीत ओतून वाट बघत बसत. "तोंडाची हवा वली असते," हे त्याचं कारण. जणू त्यांच्या चहालाही गंज चढणार होता.

त्यांची दोन-तीन वाक्यं गाळ्यात सगळ्यांना पाठ होती. "हवा फुकट असते, दाबलेली नाय." "बॅटरी न सांगता मरते, हवा सांगून जाते." आणि कुठल्याही बिघाडावर पहिला सवाल, "पानी कुठं हाय?" कामगार त्यांची नक्कल करत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा नापास झाला, की कुणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणे, "पानी बग आदी." मेस्त्रीही हसत. फक्त हसताना मान हलवून म्हणत, "हसा. पन बगा."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दाढीचा एक जुना ब्रश असे आणि पिशवीत रिठ्याच्या पाण्याची बाटली. हवा कुठून गळते हे शोधायला बाकीचे कारागीर कान लावतात किंवा साबणाचं पाणी सोडतात. मेस्त्री रिठा घोटून त्याचा फेस करत आणि ब्रशने एकेका सांध्याला असा लावत, जसा न्हावी नवरदेवाच्या गालाला लावतो. फेसाला बुडबुडा आला की गळती सापडली. बुडबुडा अगदीच बारीक असेल तर गाल जवळ नेत आणि डोळे मिटून थांबत. एखादा नवा कामगार म्हणे, "अहो, नुसतं ऐकलं तरी कळेल." मेस्त्री म्हणत, "कान फसवतो. फेस नाय फसवत."

हा ब्रश गाळ्यापुरता नव्हता. जिथे जातील तिथे तो निघे. त्यांच्या गावच्या भजनी मंडळाची पेटी त्यांनी अशीच भर भजनात थांबवली होती म्हणतात. बुवा आलाप घेतायत आणि हे भात्याच्या शिवणीला फेस लावतायत. पेटी दुरुस्त झाली, पण पुढे दोन वर्षं त्यांना भजनाला बोलावलं नाही.

आमच्या घरीही तो ब्रश आला. आम्ही नालासोपाऱ्याला राहायला आलो त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. वडील फोर्टमध्ये एका कचेरीत हेडक्लार्क. मुलीने डिप्लोमा करावा इथवर त्यांची तयारी होती. पण मुलगी गाळ्यात हात काळे करते, हे ते शेजाऱ्यांना सांगत नसत. "इंजिनिअरिंग कंपनीत आहे," एवढंच सांगत. त्यातून मेस्त्री मला बाहेरच्या कामांवर न्यायचं म्हणू लागले, बोटींवर, खदानींत. वडिलांनी साफ नाही म्हटलं.

मी ते मेस्त्रींना सांगितलं. पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. हातात वेलची केळ्यांचा अख्खा घड, निर्मळहून सायकलवर बांधून आणलेला. वडिलांनी बसायला सांगितलं. आईने चहा ठेवला. दोघेही पुरुष एकमेकांसमोर बसून पंख्याकडे बघत होते. वडिलांनी अखेर सुरुवात केली, "हे बघा, मुलीच्या जातीला…"

मेस्त्री उठले. वडिलांना वाटलं, राग आला. पण ते नाक वर करून दोनदा हुंगले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. आई ओट्याशी उभी होती, ती दचकून बाजूला झाली.

"वयनी, जाळ बंद करा."

खिशातून ब्रश निघाला. वाटीत रिठ्याचं पाणी ओतून त्यांनी फेस केला आणि गॅसच्या नळीला, रेग्युलेटरला, शेगडीच्या सांध्याला लावत गेले. आम्ही तिघं दारात उभे. शेगडीच्या मागे, नळी जिथं बसते तिथं, फेसावर एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग दुसरा.

आईने तोंडाला पदर लावला. "महिनाभर डोकं दुखतंय माझं सकाळी," ती हळूच म्हणाली. "मी चष्म्याचा नंबर समजत होते."

मेस्त्रींनी नळी काढून चिरलेला तुकडा कापला, क्लिप आवळली, पुन्हा फेस लावून खात्री केली आणि ओटा स्वतः पुसला. मग बाहेर येऊन गार झालेला चहा प्यायले. जाताना वडिलांना एवढंच म्हणाले, "तुमची पोर गळती शोदायला माज्यापरीस हुशार हाय. सांबाळून नेईन, सांबाळून आनीन."

वडील गॅलरीत उभे राहून त्यांची सायकल वळणाआड जाईपर्यंत बघत होते. सोमवारी मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "बोटीवर चढायला शिडी बरी असते ना गं?"

आता बर्फाच्या कारखान्याची गोष्ट. मेस्त्रींना मी ओळखत होते असं मला वाटे. ते खोटं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पावसाळा संपून होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. अशात एका संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि किनाऱ्याकडचे विजेचे खांब आडवे झाले. दोन दिवस वीज नाही. तिथल्या एका कोळीवाड्याला लागून बर्फाचा छोटा कारखाना होता. त्याच्या कोल्ड रूममध्ये पाच-सहा होड्यांचं म्हावरं ठेवलेलं. वीज गेली तर म्हणून एक मोठा जनरेटर होता, भंगारात निघालेल्या जहाजावरून आणलेला, हवेवर सुरू होणारा. पहिल्या दिवशी तो चालला. दुसऱ्या दिवशी पहाटे बंद पडला तो उठेना. मॅनेजरने पाच वेळा प्रयत्न करून टाकीतली सगळी हवा संपवली आणि मग शेठला फोन केला.

आम्ही टेम्पोने पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. कोल्ड रूमच्या दारापाशी पंधरा-वीस कोळणी बसल्या होत्या. दाराच्या फटीतून पाणी येत होतं. कुणी ओरडत नव्हतं, त्यामुळे जास्त भीती वाटली.

मेस्त्रींनी स्टार्टर खोलला. आत पाण्याने गंज चढून, हवेचा दाब झेलून रोटर फिरवणाऱ्या पट्ट्या त्यांच्या खाचांत अडकल्या होत्या. आम्ही दोघांनी तासाभरात त्या घासून, डिझेलने धुऊन, तेल लावून बसवल्या. इंजिनाची डिझेलची नळीही साफ केली. टाकीचा कॉक खोलून त्याची गळती बंद केली. स्टार्टर तयार झाला. पण टाकी रिकामी. टाकी भरायचा कॉम्प्रेसर विजेवर चालणारा आणि वीज हवी तर जनरेटर सुरू व्हायला हवा. शेठचा डिझेलवरचा कॉम्प्रेसर त्या आठवड्यात भिवंडीला एका कामावर गेला होता. तो यायला संध्याकाळ झाली असती.

तेवढ्यात मॅनेजरची माणसं एक हातगाडी ढकलत आली. तिच्यावर काळा सिलिंडर. गॅस कटिंगच्या दुकानातला, ऑक्सिजनचा.

"यात प्रेशर भरपूर आहे," मॅनेजर घाईघाईने म्हणाला. "हवाच आहे ती, आणखी चांगली. नळी जोडा आणि सोडा टाकीत."

मेस्त्रींनी हातगाडीकडे बघितलं. सिलिंडर खाली उतरवायला लावला, आडवा. आणि त्याच्यावर बसले.

"मेस्त्री, उठा."

"नाय."

"अहो, आत लाखाचा माल आहे!"

"आसूं दे."

मॅनेजर चिडला. शेठला फोन लावतो म्हणाला. "लाव," मेस्त्री म्हणाले. गर्दी जमली. एक थोराड कोळीण पुढे आली. तिच्या दोन होड्यांचा माल आत होता. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "काय रं मेस्त्री, आमचं म्हावरं सडतंय आन तू गादीवर बसल्यागत बसलास?"

मेस्त्रींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मॅनेजरशी बोलताना असतो तसा आवाज नव्हता. हळू बोलले.

"मावशी, चिंचोटीच्या खदानीत माजा जोडीदार व्हता. आमी एका ताटात जेवायचो. कॉम्प्रेसर बंद पडला म्हनून त्यानं हेच केलं. टाकीत तेल असतं, थोडं का व्हईना असतंच. त्याला हे लागलं की पेटतं. मी पानी प्यायला गेलो व्हतो. परत आलो तं टाकी नव्हती आन तो पन नव्हता." थांबून म्हणाले, "मला दोन थपडा मार. मी उठनार नाय."

मावशीने कमरेवरचे हात खाली घेतले. मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "बस. बस तू. पन माज्या म्हावऱ्याचं काय, त्ये बी बग."

"तेच बगतो," मेस्त्री म्हणाले. पण त्यांना काही सुचत नव्हतं, हे मला दिसत होतं. ते जमिनीकडे बघत बसले होते आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासत होते. तीन वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

फाटकाबाहेर माल न्यायला आलेले तीन ट्रक उभे होते. त्यातल्या एकाच्या ड्रायव्हरने गाडी थोडी पुढे घेतली आणि ब्रेक लावून सोडला. फुस्स.

"मेस्त्री," मी म्हटलं, "ट्रक!"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. त्यांच्या टाकीत हवा आहे. इंजिन चालू ठेवलं की ती भरत राहते."

ते एकदम उभे राहिले. मग पुन्हा बसले आणि मावशीला म्हणाले, "तू बस याच्यावर. कोनाला उटवू देऊ नको." मावशी सिलिंडरवर बसली. तिला उठवायची कुणाची छाती होती?

पुढचा दीड तास भराभर गेला. चाकात हवा भरायच्या नळ्या ड्रायव्हरांकडे होत्याच. आमच्या पिशवीतले जोड एकमेकांत घालून मी तीन ट्रकांच्या तीन नळ्या एका तोंडाला आणल्या. मेस्त्रींनी हुकूम सोडला, "आदी पानी काडा!" ड्रायव्हर वैतागले, पण प्रत्येक ट्रकच्या टाकीखालून चहासारखं पाणी पडलं तेव्हा स्वतःच वाकून बघू लागले. मग तिन्ही इंजिनं धडधडत राहिली. टाकीवरचा दाबाचा काटा हळूहळू चढत होता. चार किलो. पाच. साडेसहाला अडकल्यासारखा झाला. मग सात आणि त्याच्यावर एक केसभर.

"एकच डाव हाय," मेस्त्री म्हणाले. "तू सोड हवा. मी इंजिनावर हात ठेवतो."

मी कॉक फिरवला. ती किंचाळी छपराला लागून परत आली. मोठं चाक एक फेरी फिरलं, दुसरी अर्धी, मंदावलं, आणि त्याच क्षणी इंजिनाने खोकल्यासारखा काळा धूर सोडला. मग धडाड, धडाड, धडाड. मेस्त्रींचा तळहात त्या लोखंडावर तसाच होता. बायका उठून उभ्या राहिल्या. मावशी मात्र सिलिंडरवर बसूनच राहिली, कारण तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

परतताना टेम्पोत मेस्त्रींच्या मांडीवर मावशीने दिलेले दोन मोठे पापलेट होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "बाय, तुला ट्रक कसा सुचला?"

"तुम्ही नाही ऐकलंत? त्याच्या ब्रेकची हवा सुटली ना, फुस्स करून. केवढ्याने!"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी नीट केली. "नाय ऐकली," ते म्हणाले. "मला हवा ऐकूं येत नाय. आट-धा वर्सं झाली. मानसं बोलतात त्ये येतं, मोठ्यानं बोलली तं. हवा नाय."

मेस्त्री कान न लावता फेस का लावत, गाल का जवळ नेत, चाचणीला हात मागे बांधून का उभे राहत, ते सगळं त्या टेम्पोत माझ्या समोर येऊन बसलं. "हवा सांगून जाते" असं म्हणणारा माणूस ती सांगते ते ऐकू शकत नव्हता आणि तरी त्यांच्या हातून एकही स्टार्टर गळका बाहेर गेला नव्हता.

"शेठला सांगू नको," ते म्हणाले. "भईरा मेस्त्री कोन ठेवतो?"

मी सांगितलं नाही. वर्षभर मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहत असे. कुठे हिस्स ऐकू आलं की त्यांच्या कोपराला बोट लावायचं, ते तिकडे ब्रश नेत. कुणाच्या लक्षात आलं नाही असं आम्हाला वाटत होतं. एक दिवस शेठने दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "मेस्त्री, मी सहा वर्षांपासून तुमच्याशी ओरडून बोलतोय. मला काय घसा जास्त झालाय? उद्या विरारला डॉक्टरकडे जायचं. कानाचं मशीन मी देतो." मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'नाही' म्हटलं.

कानातलं यंत्र लावून ते पहिल्या दिवशी गाळ्यात आले. पाच मिनिटं उंबऱ्यात उभे राहिले. ग्राइंडर, हातोडे, रेडिओ, पापडवाल्या बायकांचं भांडण. मग कानावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुमी किती आवाज करता रे!" आणि यंत्र काढून खिशात ब्रशच्या शेजारी ठेवलं. त्यानंतर ते गाळ्यात पुन्हा कधी लावलं नाही. शेठ कपाळाला हात लावून बसला. पैसे पाण्यात गेले, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

ते निवृत्त झाल्यावर सहा-सात महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेले. माझं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायची होती. दुपार टळलेली. घर बसकं, कौलारू, मागे खाडीपर्यंत भाताची खाचरं. मेस्त्री मागल्या पडवीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसले होते. डोळे मिटलेले. कानात यंत्र.

मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि ओठांवर बोट ठेवलं. शेजारी बसायची खूण केली.

भिंतीपलीकडे त्यांची बायको वाल सोलत होती. सालं सुपात पडल्याचा आवाज येत होता आणि त्याच्यावर एक अगदी बारीक, थोडा चिरका सूर. लग्नातले धवले. एक कडवं म्हणे, थांबे, आठवे, पुढचं घेई.

"गाते ती," मेस्त्री माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. "लगीन झाल्यापासून गात असंल. मला या वर्सी समजलं."

"मग त्यांना सांगा ना, छान गाता म्हणून."

"येडी काय?" ते घाबरून म्हणाले. "मला ऐकूं येतं, हे तिला ठावं नाय. समजलं तं लाजून थांबंल."

आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी पत्रिका मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले. वाल संपेपर्यंत.